यंत्र सरळ होतं

तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचे फोटो सरळ करत. चपला काढायच्या, पाणी नको म्हणून हात हलवायचा आणि थेट भिंतीशी जायचं. घरची माणसं बसायला सांगत असायची आणि तात्या त्यांच्या वारलेल्या आजोबांना बोटभर डावीकडे सरकवत असायचे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी गवंड्याची छोटी पाणसळ असे. तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की ते खाली बसत आणि मग विचारत, "हां, काय म्हनत व्हता?"

मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आले तेव्हा माझं सामान अजून टेम्पोत होतं आणि तात्या माझ्या खोलीतल्या पलंगावर पाणसळ ठेवून वाकले होते. एका पायाखाली त्यांनी पुठ्ठा घातला, पुन्हा पाहिलं, पुठ्ठ्याची घडी मोडली, पुन्हा घातला. "आता निवांत झोप. वाकड्यात झोपलं की मान धरती." मी थँक्यू म्हणाले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपल्या बायकोला, म्हणजे काकींना, हाक मारून सांगितलं, "आगं, म्याडम इंग्लिश हायेत."

माझं ऑफिस हिंजवडीत होतं. तात्यांचं घर मुळशीतल्या चांदे गावाच्या कडेला. समोरच्या रस्त्यानं सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या कॅब आणि दिवसभर खडीचे डंपर जायचे. भाताची काही खाचरं विकून त्यांच्या मुलानं घरावर तीन मजले चढवले होते. सगळे भाडेकरू त्याला दादा म्हणत, मीही. वरच्या खोल्यांत माझ्यासारखे लोक आणि खाली तात्या, काकी आणि दादाचं कुटुंब. मागच्या अंगाला दगडी भिंतींचा जुना गोठा तेवढा शिल्लक होता. पौडमधला आपला फोटो स्टुडिओ बंद केल्यावर तात्यांनी त्या गोठ्याची डार्करूम केली होती. खिडकी विटांनी बुजवलेली आणि दाराला आतून काळ्या कापडाचे दोन पडदे.

आत निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायचं यंत्र होतं, एन्लार्जर. एका जाड पाटावर उभा लोखंडी खांब आणि त्यावर खालीवर सरकणारं डोकं. डोक्यात दिवा, त्याखाली निगेटिव्ह, मग काळा भाता आणि सगळ्यात खाली भिंग. दिवा लावला की निगेटिव्हमधलं चित्र मोठं होऊन पाटावर पडायचं. एका पायावर उभं राहून खाली मान घातलेलं ते यंत्र काकींना बगळ्यासारखं दिसे. "बगळ्याची आंघोळ झाली का?" असं त्यांनी विचारलं की समजायचं, आज रविवार.

तात्या महिन्याकाठी दोन फोटोसुद्धा करत नव्हते. कुणी करून घेत नव्हतं. पण दर रविवारी सकाळी बगळ्याची साग्रसंगीत पूजा चाले. रबरी फुग्यानं धूळ उडवायची, मऊ ब्रशनं भिंग पुसायचं. खांबाला शिलाई मशीनचं तेल. भात्याला भोक पडलंय का ते आतून टॉर्च लावून बघायचं. आणि शेवटी सरळपणाची तपासणी. निगेटिव्ह, भिंग आणि पाट, तिन्ही एकमेकांना अगदी समांतर पाहिजेत. केसभर फरक पडला तर फोटोची एक कड धारदार येते आणि दुसरी पिठूळ.

पहिल्यांदा त्यांनी मला आत बोलावलं ते टॉर्च धरायला. "हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई," ते म्हणाले. मला या दोन्ही गोष्टी चांगल्या येत होत्या. त्यांनी एक आरसा पाटावर ठेवला. दुसरा वर भिंगाच्या जागी पालथा बसवला. त्या आरशामागचा मुलामा मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा खरवडलेला होता. दिव्याचं डबडं बाजूला करून तिथून एक डोळा लावून खाली पाहायचं. आरशात आरसा, त्यात आणखी आरसा, अशी खोल विहीर दिसते. सगळी भोकं एकात एक बसली तर यंत्र सरळ. शेपटीसारखी एका बाजूला वळत गेली तर वाकडं.

"बघ."

मी पाहिलं.

"सरळ?"

"सरळ."

"म्या सांगितलं म्हनून म्हनू नगं."

"नाही तात्या, खरंच सरळ आहे."

"मग ठीक." आणि ते लहान मुलासारखे हसले.

यंत्राची चौकट फार पूर्वी कधीतरी पडून वाकली होती. डाव्या बाजूला भिंगाची पट्टी आणि चौकट यांच्यात फट राहायची. त्या फटीत त्यांनी फिल्मचा एक नखाएवढा तुकडा घडी घालून सरकवला होता. "ह्याच्यावर सगळा बगळा उभा हाय," ते म्हणाले. "बाकी कुटंबी हात लाव. ह्याला न्हाई."

मी मान हलवली. त्यानंतर दर रविवारी मी टॉर्च धरायला जाऊ लागले. घरी फोनवर आईनं विचारलं, सुटीच्या दिवशी काय करतेस, तर मी म्हणायचे, काही नाही. ते कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

मुळशीत भिंगाचा खरा शत्रू म्हणजे ओल. चार महिने भिंती घाम गाळतात, चपलांना बुरशी येते. तशीच ती भिंगाच्या आतही येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि मग जात नाही. त्यासाठी तात्या तांदूळ भाजायचे. कोरडे तांदूळ लोखंडी तव्यावर तांबूस होईपर्यंत परतायचे, गार करून पत्र्याच्या घट्ट डब्यात भरायचे आणि मलमलीत गुंडाळलेलं भिंग त्यात ठेवायचं. हे तांदूळ आंबेमोहोरच लागत. दुसरे कुठले चालत नसत. का, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही माहीत नव्हतं.

"भिंगाला आंबेमोहोर," काकी ओट्याशी उभ्या राहून म्हणायच्या, "आन् आमाला रेशनचा. बघ गं पोरी, सवत कशी आसती ती."

"सवत बोलत न्हाई," तात्या तवा हलवत म्हणायचे. "येवढाच फरक हाय."

माझ्या मराठी आकड्यांची तर त्यांनी चेष्टाच केली. फोटोच्या कागदावर किती सेकंद प्रकाश पाडायचा ते ते तोंडानं मोजत. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा मला मोजायला सांगितलं. मी अठ्ठावीसपर्यंत आले आणि थांबले.

"फुडं?"

"ट्वेंटी-नाइन."

"आगं, एकोणतीस! तू आटवत बसलीस तवर नवरदेव काळा झाला की!" खरंच झाला होता. लग्नातला तो काळाठिक्कर नवरा त्यांनी दोरीला चिमटा लावून टांगून ठेवला, मला आठवण म्हणून. मी रोज कॅबमध्ये मनातल्या मनात आकडे पाठ केले. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. पुढच्या वेळी न अडखळता मोजलं तेव्हा त्यांनी पुढचा कागद घेतला. त्या दिवसापासून मोजायचं काम माझं झालं.

त्यांचं हे सरळपण बाहेर मात्र फार महागात पडायचं. एकदा दादा त्यांना जवळच्या टॉवरमधला सॅम्पल फ्लॅट बघायला घेऊन गेला. टाय लावलेला एक मुलगा हिंदीत क्लबहाउसबद्दल सांगत होता आणि तात्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणसळ ठेवली. "ह्यो वटा उतरता हाय," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, सर, इटालियन मार्बल है. तात्या म्हणाले, "इटालीत उतरता असंल. हितं दूध एका अंगानं उतू जाईल." दादा घरी आला तो चिडूनच. बाप नको तिथं अब्रू काढतो, म्हणाला.

दादा वाईट माणूस नव्हता, हे मला इथं सांगायला हवं. त्याला ती खोली हवी होती. आमच्या पट्ट्यात एक खोली रिकामी ठेवणं म्हणजे वेडेपणा, असं सगळेच म्हणत. शिवाय तात्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती आणि उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टर फारसं चांगलं बोलत नव्हते. एकदा जेवताना दादानं विषय काढला. मी डबा द्यायला खाली गेले होते, म्हणून ऐकलं.

"तात्या, तुम्हाला दिसत नाही आता. कशाला त्या अंधारात बसता?"

"मला दिसतंय."

"काय दिसतंय?"

तात्यांनी घास ताटात ठेवला. "ज्या दिशी मला फोटोच्या कडंचा मानूस नीट काडता येनार न्हाई, त्या दिशी मी हातानं बगळा खोलून तुज्या ताब्यात देईन. तवर त्या खोलीचं नाव काडायचं न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

काकींनी भाताचं पातेलं जवळ ओढलं. त्यांनी तात्यांच्या ताटात भात वाढला.

श्रावणात तात्या आणि काकी दोन दिवस लेकीकडे गेले. जाताना त्यांनी डार्करूमची किल्ली माझ्या हातात दिली. दादाला दिली नाही, मला दिली. रोज संध्याकाळी तासभर आतला मोठा दिवा लावून ठेवायचा, म्हणजे ओल बसत नाही, एवढंच काम. भिंग यंत्रालाच लावलेलं होतं, कारण आल्यावर त्यांना एक फोटो करायचा होता. "कुनाला आत घेऊ नगं," ते म्हणाले. मी कुणालाच घेतलं नाही. मी एकटीच गेले.

दुसऱ्या दिवशी माझी मुलाखत होती, बंगळुरूच्या एका कंपनीची, लॅपटॉपवर. ऑफिसात देणं शक्य नव्हतं. माझ्या खोलीला लागून प्लायची भिंत होती आणि पलीकडे दोन मुली दिवसभर फोनवर असायच्या. रस्त्यावर डंपर. घरात जाड भिंतींची एकच खोली होती. मी लॅपटॉप घेऊन आत गेले आणि यंत्राच्या पाटावर ठेवला, कारण दुसरीकडे ट्रे आणि बाटल्या होत्या. यंत्राचं डोकं वर सरकवलं. मुलाखत चांगली झाली. मी इंग्रजीत बोलत होते. इंग्रजीत बोलताना मी वेगळीच मुलगी असते, धीट आणि हसतमुख. शेवटी त्यांनी छान काहीतरी म्हटलं आणि मी आनंदानं लॅपटॉपची स्क्रीन जोरात मागे लोटली. ती खालून भिंगाच्या पट्टीवर आपटली. कट्‌ असा आवाज आला.

पाटावर नखाएवढा फिल्मचा तुकडा पडला होता.

मी तो उचलला. परत सरकवून पाहिला, पण तो पुन्हा पडला. मला वाटलं, आपण काहीतरी भलतंच करून ठेवू. रविवारी तात्या आरसे लावतील तेव्हा सांगू. रुमालात गुंडाळून तो मी पर्समध्ये ठेवला. दिवा तासभर लावला आणि कुलूप लावलं.

ऑफिसात मी दिवसातून दहा वेळा सॉरी म्हणते. धक्का लागला तरी सॉरी, नाही लागला तरी सॉरी. पण तात्यांना काय म्हणायचं, हे मी दोन रात्री मनात जुळवत राहिले. माफ करा हे टीव्हीवरच्या मालिकेतल्यासारखं वाटत होतं. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं.

शनिवारी सकाळी मी तो तुकडा कुर्त्याच्या खिशात घालून खाली उतरले. पण अंगणात माणसं होती. विहारामागच्या आळीतल्या शेवंतामावशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या नव्या घराचा उद्या गृहप्रवेश होता. दादा मोटारसायकल पुसत होता. तात्या नवा शर्ट घालून उभे होते आणि त्यांच्या हातात निगेटिव्ह होती.

मावशींची आई त्या चार वर्षांच्या असताना गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. "मला तिचं त्वांडच आटवत न्हाई, तात्या," त्या म्हणत होत्या. "हात आटवत्यात, त्वांड न्हाई." आणि तात्यांकडे फार जुनी एक निगेटिव्ह निघाली होती. भातलावणी करणाऱ्या नऊ बायका बांधावर उभ्या. आठ जणी एका रांगेत आणि नववी अगदी उजव्या कडेला, अर्धं पाऊल चौकटीबाहेर.

"ही तुजी आई. यायाच तयार नव्हती. लाजत व्हती. मीच वडून आनली," तात्या म्हणाले. मग मी दिसल्यावर त्यांनी हात केला. "ये गं. शेवंता, ही माजी असिस्टंट. हिच्याबिगर त्या खोलीत कोन जात न्हाई."

दादा फडकं पिळत म्हणाला, "तात्या, ती निगेटिव्ह द्या ना. लॅबमधून स्कॅन करून आणतो दोन दिवसांत."

"गृहप्रवेश उद्या हाय. आन् स्कॅन-बिन न्हाई. तू हितंच थांब. कडंची बाई कशी येती बघ."

मी खिशात हात घातला. तुकडा बोटांना लागत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मावशी तर इतक्या आशेनं बघत होत्या की मी हसले. एवढ्याशा तुकड्यानं काय होणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि तात्यांच्यामागून आत गेले.

मोठ्या आकाराचे दोनच कागद उरले होते, वर्षानुवर्षं फ्रिजमध्ये भाजीखाली सांभाळलेले. तात्यांनी लाल दिवा लावला. चित्राच्या मध्यावर छोटं भिंग ठेवून फोकस केला. कडा ते कधी बघत नसत. "पाया सरळ असंल तर कडा आपसूक येत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाहेर डंपरांची रांग होती. डंपर गेला की जमीन हलते आणि फोटोही हलतो. म्हणून दोन डंपरांच्या मधल्या वेळात उरकायला त्यांनी भिंगाचं तोंड मोठं उघडून घेतलं. म्हणजे प्रकाश जास्त येतो आणि वेळ कमी लागतो. पण मग यंत्रातली केसभर चूकही लपत नाही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"मोज."

मी मोजलं. अकरापर्यंत. तिथं थांबून मी बोलू शकले असते. पहिल्या कागदानंतरही बोलू शकले असते, कारण दुसरा शिल्लक होता. ट्रेमधल्या रसायनात बायका हळूहळू उगवल्या. लाल उजेडात फोटोची धार कळत नाही. "जरा फिका वाटतोय," तात्या म्हणाले. "दुसऱ्याला चौदा मोज." मी चौदा मोजले.

दोन्ही ओले फोटो ट्रेमध्ये घेऊन ते बाहेर उजेडात गेले. मी दाराशी पडद्याजवळ थांबले.

डावीकडच्या बायका इतक्या स्वच्छ आल्या होत्या की हातांवरचे चिखलाचे थेंब मोजता आले असते. पुढे पुढे त्या मऊ होत गेल्या होत्या. नववीच्या जागी लुगडं होतं, हात होते आणि चेहऱ्यावर दुधावर साय धरावी तसं काहीतरी. शेवंतामावशींना वाटलं, पाणी साचलंय. त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि आईचं तोंड हलक्या हातानं पुसलं. मग दुसऱ्या फोटोतलं पुसलं.

"ऱ्हाऊ द्या तात्या," त्या शेवटी म्हणाल्या. "आली तेवडी आली."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. दादानं मान खाली घातली. मग तो पुन्हा मोटारसायकल पुसायला लागला.

ते सगळे उजेडात उभे असताना मी आत गेले. त्या पाच मिनिटांबद्दल मी नंतर खूप विचार केला आहे. मी घाबरले होते आणि मला फक्त सगळं पूर्वीसारखं करायचं होतं. तुकडा खिशातून काढला. रविवारामागून रविवार टॉर्चच्या उजेडात मी त्याच्याकडे पाहिलं होतं. त्याच्या कडेला फिल्मची बारीक चौकोनी छिद्रं होती आणि दुसरं छिद्र फटीबाहेर अर्धं दिसायचं. तेवढंच बाहेर ठेवून मी तो सरकवला. या वेळी तो पडला नाही.

तात्या परत आले. "आरसे काड," म्हणाले. मी टॉर्च धरला. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग दुसरा डोळा लावला.

"बघ तू."

मी पाहिलं. आरशात आरसा, सगळी भोकं एकात एक.

"सरळ?"

"सरळ," मी म्हणाले.

त्यांनी हळूच भात्यावरून हात फिरवला. "मशीन सरळ हाय," ते म्हणाले. "म्हंजी वाकडा मीच."

सोमवारी दादानं लॅबमधून निगेटिव्हचा स्कॅन करून आणला. नववी बाई स्वच्छ आली होती. नाकातली फुली, हसू दाबलेले ओठ. शेवंतामावशी तो फोटो छातीशी धरून रडल्या. नंतर आमच्याकडे पेढे देऊन गेल्या. त्यांचं काम झालं होतं. आणि निगेटिव्हमध्ये दोष नव्हता, हेही सगळ्यांना कळलं होतं.

तात्यांनी शब्द पाळला. बगळा त्यांनी स्वतः खोलला, एकेक स्क्रू काढून, प्रत्येक भाग जुन्या धोतरात गुंडाळून. मी टॉर्च धरू का विचारलं तर म्हणाले, "उजेड हाय की." फिल्मचा तुकडा त्यांनी काढून तळहातावर घेतला, पाहिला आणि फुंकर मारून उडवून दिला. तेव्हाही मी बोलले नाही. महिन्याभरात गोठ्याला खिडकी पडली, टाइल्स बसल्या. दादानं आधी मला विचारलं. "तुम्हाला शांतता लागते ना? भिंती जाड आहेत. घ्या तुम्हीच." मला बंगळुरूची नोकरी मिळाली होती. मी नको म्हणाले.

निघायच्या आधी शेजारी सत्यनारायण होता. तात्या आत आले, चपला काढल्या आणि सरळ सतरंजीवर जाऊन बसले. भिंतीवरचा फोटो डावीकडे झुकला होता. काकींनी तो पाहिला, मग तात्यांकडे पाहिलं. मग उठून त्यांनीच तो आपल्या हातानं नीट केला.

मी दोन वर्षांनी परत पुण्यात आले. यंदा ऑफिसची सहल मुळशी धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर गेली होती. रिसेप्शनच्या कोपऱ्यात तात्यांचा बगळा होता. पॉलिश केलेला, डोक्यात पिवळा बल्ब घालून टेबललॅम्प केलेला. दिसायला छान दिसावा म्हणून डोकं एका बाजूला कलतं करून ठेवलं होतं. सगळ्यांनी त्याच्याशेजारी सेल्फी काढले. मला कुणीतरी हाक मारली, पण मी फोटोसाठी उभी राहिले नाही.

पुढच्याच रविवारी मी चांद्याला गेले. तात्या पडवीत बसले होते. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. उजवा डोळा गेला होता, डावा थोडा होता. काकी म्हणाल्या, "बारीक झालीस गं." मी बसले आणि पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं. किल्ली, मुलाखत, लॅपटॉप, कट्‌ आवाज. खिशातला तुकडा. मराठीत, न थांबता. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं, तात्या. तुमचे डोळे चांगले होते."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "आन् मी आरशात बघितलं तवा सरळ कसं काय व्हतं?"

"तुम्ही बाहेर होता तेव्हा मी तुकडा परत घातला."

"किती येळात?"

"पाच मिनिटं."

तात्या हसायला लागले. खदखदून, पूर्वीसारखे. "ऐकलं का गं?" त्यांनी काकींना हाक मारली. "ह्यो तुकडा बसवायला मला चार महिनं लागलं व्हतं. चार महिनं! रोज सरकवायचा, रोज बघायचा. आन् ही म्हनती पाच मिन्टांत बसवला." मग माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आला. "पोरी, मला बरं वाटावं म्हनून सांगतीयास, व्हय ना? येवड्या लांबून आलीस."

तो तुकडा किती आत होता, दुसरं छिद्र किती बाहेर दिसत होतं, एवढं सांगितलं असतं तरी त्यांना पटलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. पण तात्यांचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं आणि त्याखाली दुसरंच काहीतरी होतं. माझं खरं असेल, तर त्यांनी स्वतःच्या हातानं विनाकारण खोललेला एकेक स्क्रू. गोठ्यात आता दोन मुलं राहत होती, त्यांचे टॉवेल दारावर वाळत होते. तात्यांनी माझा हात धरला होता आणि त्यांची पकड घट्ट होत चालली होती.

"व्हय ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो, तात्या," मी म्हणाले.

त्यांनी हात सोडला. "बघ," ते काकींना म्हणाले, "म्या म्हनलं नव्हतं, पोर लई मायाळू हाय? च्या टाक." काकी आत गेल्या नाहीत. त्या दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.